नीलाच्या हाताचं माप

मंठा, २२ नोव्हेंबर १९५३

चि. नीला,

"ताई, तू माप घेतच नाहीस, नुसता अंदाज करतेस," असं तू मला एकदा म्हणाली होतीस. तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. मी शिवलेलं नवं पोलकं तुझ्या अंगात होतं, एक बाही कोपरापाशी संपत होती, दुसरी मनगटाकडे निघाली होती, आणि तू दोन्ही हात पुढे धरून तक्रार करत उभी होतीस. मी खूप हसले होते. दोन दिवसांपासून ते वाक्य डोक्यात आहे, हसू मात्र येत नाही.

तू गेल्यापासूनचं हे माझं पाचवं पत्र. आधीच्या चारांचं काय झालं ते विचारत नाही.

मामांचा केशव परवा आला. मामींना बद्रीला नेलं होतं, येताना वाट वाकडी करून हिमालयातल्या तुझ्या दवाखान्यात गेला, हे त्यानंच सांगितलं. तुझा निरोपही सांगितला: "ताईला सांग, मी बरी आहे." मी विचारलं, "आणखी काय म्हणाली?" त्यानं कप खाली ठेवला. "आणखी काही नाही, ताई." मग माझी दया आली म्हणून की काय, तुझ्या हातांचं बोलला. थंडीत तुझी बोटं सुजून लालभडक होतात, रात्रभर खाजतात, सांध्यांवर कातडी फुटते. रोग्यांच्या एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जायचं तर बर्फातून चालावं लागतं म्हणे. गेल्या वर्षीच्या खुणा अजून आहेत, त्यानं पाहिल्या.

नीला, मी बर्फ पाहिलेलं नाही. तुझी बोटं पाहिली आहेत. त्यांना मी तीळतेल चोळलं आहे.

केशव म्हणाला, तिथल्या डोंगरातल्या बाया लोकरीचे हातमोजे विणतात, अंगठा वेगळा आणि बाकीची चार बोटं एकाच पिशवीत. आधी भलेमोठे विणायचे, मग गरम पाण्यात मळायचे. लोकर आवळत जाते, दाटते, आणि हातमोजा हाताएवढा होईपर्यंत इतका घट्ट होतो की पाणी आत शिरत नाही. त्यानं पाकिटाच्या पाठीवर चित्र काढून दाखवलं. मी विचारलं, "भलेमोठे म्हणजे केवढे?" ते त्यानं विचारलं नव्हतं. पुरुषमाणूस.

मी तसे करायचं ठरवलं आहे. ठरवून झाल्यावर तुला कळवते आहे, हेही मला समजतं.

राहता राहिलं त्या कागदाचं. तुझे भाऊजी तेव्हा तहसिलीत रोज नवं काहीतरी ऐकून येत. पोलीस ॲक्शनला वर्षही झालं नव्हतं. अशा दिवसांत एकट्या मुलीला नर्सिंगच्या शाळेत हैदराबादेला कसं धाडायचं, असं त्यांचं म्हणणं पडलं, आणि म्हणून नकार कळवला गेला. एवढंच ते आहे. तू त्याचा डोंगर केलास.

हात जपून ठेव.

तुझी ताई

*

मंठा, १४ डिसेंबर १९५३

चि. नीला,

आज सकाळी मी विणायच्या सुया अंगणात फेकून दिल्या. दुपारी जाऊन उचलून आणल्या. एक वाकली आहे.

झालं असं. बाजारात लोकर घेऊन बसणारी वाटूरची आसराबाई धनगरीण तुला आठवत असेल, कपाळभर गोंदण असलेली. तिला म्हटलं, तुझ्याकडचं सगळ्यात चांगलं सूत दे. तिनं दिलं. छान ताठ, एकसारखं. मी ओट्यावर बसून विणायला घेतलं तर ही समोरच बसली.

"काय इनून राह्यल्या बाई?"

"हातमोजे."

"बोटं कुठं हायेत मंग?"

"याला बोटं नसतात. अंगठा तेवढा वेगळा."

"अन् जेवायचं कसं?"

"घालून जेवायचं नाही, आसराबाई. बर्फात चालायचं."

"बर्फात कशाला मरायला जायचं? इथं काय कमी रान हाय चालायला?"

तिनं हातमोजा उचलून आत मूठ घातली, कोपरापर्यंत गेली. "बाई, ह्याच्यात तर कोकरू बसंल!" म्हणाली आणि इतकी हसली की शेजारच्या उषाबाई बघायला बाहेर आल्या.

एक हातमोजा होईतो ते सूत संपलं. दुसरा तिच्याकडच्या साध्या सुताचा विणला. रंग सारखाच काळा, मला फरक वाटला नाही. मग बंब पेटवला, घंगाळात कढत पाणी, त्यात रिठे, आणि कणीक तिंबावी तसे दोन्ही तिंबायला घेतले. साध्या सुताचा आवळायला लागला, अगदी केशव म्हणाला तसा. दुसऱ्यातून मात्र बुळबुळीत पेज सुटायला लागली. जितकं तिंबावं तितकी पेज. वाळवला तर पत्र्यासारखा कडक झाला आणि तेवढाच मोठा राहिला. तोपर्यंत साध्या सुताचा त्याच्या निम्मा.

आसराबाईनं बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अगं माय, म्या तुमाला खळीचं सूत देल्तं! घोंगड्याचं!" घोंगड्याच्या सुताला मागावर तुटू नये म्हणून चिंचोके शिजवून त्यांची खळ पाजतात. तिच्या लेखी चांगलं सूत म्हणजे खळ पाजलेलंच. तिनं मला मनापासून चांगलं ते दिलं. विणून कढत पाण्यात मळायचं आहे हे मी घ्यायच्या आधी सांगितलं असतं तर तिनं दिलं नसतं.

तुझ्या भाऊजींनी तो कडक झालेला चहाच्या किटलीवर घातला. "बिलकुल बराबर बसलाय," म्हणाले. "चहा तासभर गरम राहतो. आणखी एक करा, तहसीलदारांना देऊ." त्यांना वाटतं मी हसेन.

ह्या थंडीत तुला काही मिळणार नाही. हे लिहिताना मला राग येतो आहे, कुणाचा ते सांगता येत नाही. तू निदान दोन ओळी धाडल्या असत्यास, हाताची वीत किती, तळवा किती, तर मी काळोखात चाचपडत बसले नसते.

तुझी ताई

*

मंठा, ९ फेब्रुवारी १९५४

चि. नीला,

जोडी झाली. दोन्ही सारखे, एका केसाचा फरक नाही. आणि तरी वाया गेले.

या खेपेला आसराबाईला सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, मग तुम्हाला जावळ पाहिजे. कोकराची पहिल्यांदा कातरलेली लोकर, तिला ते लोक जावळच म्हणतात, आपण लेकराच्या पहिल्या केसांना म्हणतो तसं. फार मऊ. ती सहसा विकत नाहीत, घरच्यासाठी ठेवतात. तिनं जांबकडच्या रानात मेंढरं बसवली होती तिथून पिशवीभर आणली, माझ्यासमोर चातीवर कातली, वर बजावलं, "ही लई आवळती बाई. डोळ्यात तेल घालून बघा."

मी बघितलं. चार दिवस थोडं थोडं करून मळलं. कढत पाण्यातून काढायचे, थंड पाण्यात बुडवायचे, पुन्हा कढत. हातांची सालं निघाली. दर वेळी दोन्ही एकावर एक ठेवून पाहायचे. तुझ्या हाताचं माप माझ्या मनात पक्कं होतं: माझ्या तळव्याला तळवा लावलास की तुझं मधलं बोट माझ्या मधल्या बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत यायचं. बरोबर तेवढे झाल्यावर थांबले. उन्हात वाळवले. इतके सुरेख दिसत होते, नीला, करडे, दाट, बाहेरून मांजराच्या पिल्लाच्या पाठीसारखे.

आसराबाईनं त्यात हात घालून पाहिला. तीन बोटं गेली.

"बहीण केवढी हाय तुमची?"

"सत्तावीस वर्षांची."

तिनं माझ्याकडे पाहिलं. हसली नाही या वेळी. मलाही तेव्हाच कळलं. तळव्याला तळवा लावून आपण मापं घ्यायचो ते कधी? तुझी आई म्हणून मीच होते तेव्हा. तू शाळेत पाटी घेऊन जायचीस तेव्हा. त्यानंतर तुझा हात मी कधी असा निरखून धरला, आठवत नाही. मोठ्या झालेल्या तुझ्या हाताचं माप माझ्यापाशी नाहीच.

ते हातमोजे आसराबाईच्या नातीला झाले. चार वर्षांची आहे. मोठ्या हाडाची पोर. पहाटे मेंढरांमागे जाताना घालते आणि रानात तिला सगळे हसतात, पण काढत नाही म्हणे.

आज आणखी एक लिहायचं आहे, ते तीन महिने टाळत आले.

नोव्हेंबरच्या पत्रात मी तुझ्या भाऊजींचं म्हणणं पडलं असं लिहिलं. ते खोटं आहे. शाळेचा कागद आला त्या दिवशी ते जेवायला बसले होते. कागद वाचून म्हणाले, "चांगली दरखास्त मंजूर झाली पोरीची. तिला एकदा विचार, जायचं का म्हणून." हे एवढंच म्हणाले. मी वाढत होते. मी म्हटलं, विचारते. कागद फडताळात तांदळाच्या डब्याखाली ठेवला. तुला विचारलं नाही.

त्या डब्यातला तांदूळ तू रोज काढत होतीस.

तुझी ताई

*

मंठा, ३० ऑक्टोबर १९५४

नीला,

पार्सल परत आलं.

वरच्या कापडावर मी घातलेली शिवण जशीच्या तशी आहे. तू उघडूनसुद्धा पाहिलं नाहीस. 'घेण्यास नकार' एवढे दोन शब्द लिहिलेत, तेही पोस्टाच्या माणसानं. दसऱ्याच्या आधी पोचावं म्हणून मी भर उन्हाळ्यात, वैशाखात, मांडीवर लोकर घेऊन बसत होते. घामानं सूत हाताला चिकटायचं. अंगभर लोकरीचे केस. उषाबाई म्हणाल्या, "अरुंधतीबाई, डोकं ठिकाणावर आहे ना?" या खेपेला माझ्या स्वतःच्या हाताच्या मापानं केले होते. म्हटलं, बहिणीच आपण, फार फरक नसेल. तिसऱ्यांदा अंदाज. पण चांगले झाले होते. तू एकदा हात घालून बघायचं होतंस आणि मग फेकून द्यायचं होतंस.

मला तुझा राग आला आहे. तुझा राग आला असं तीन वर्षांत पहिल्यांदाच तुला लिहिते. एखाद्या माणसानं किती वेळा दार वाजवायचं? मी तुला तीन वर्षांची असताना कडेवर घेऊन माझ्या सासरी आणलं. मला मूल झालं नाही म्हणून लोक बोलायचे तेव्हा मी तुला पुढे उभी करायची. तुझ्यासाठी मी

हे वाक्य अर्धंच राहू दे. काल रात्रीपर्यंत ते पूर्ण करत होते. तेच मी तेव्हाही मनात म्हणत होते, ते पत्र लिहिताना.

ऐक. नकार 'कळवला गेला' असं मी लिहिलं होतं. कळवला मी. दुपारी, भाऊजी कचेरीत आणि तू विहिरीवर असताना. तुझी वही समोर ठेवली. तुझा र कसा, तुझा ल कसा, ते पाहून पाहून दोन कागद फाडले, तिसरा जमला. 'घरच्या अडचणीमुळे मी येऊ इच्छित नाही. नीला.' खाली तुझी सही. मग तहसिलीतल्या मार्तंडच्या स्थळाची बोलणी सुरू केली, कारण मार्तंडचं घर आपल्या गल्लीच्या टोकाला होतं. लग्न होऊनही तू दोनशे पावलांवर राहिली असतीस. यात पोलीस ॲक्शन कुठेच नव्हती. मला एकटं राहायचं नव्हतं.

दोन वर्षांनी तू पुन्हा अर्ज केलास, माझ्या नकळत, आणि त्यांनी तुझा जुना नकार तुझ्यापुढे ठेवला. तो घेऊन तू घरी आलीस. मी भाकरी करत होते. तू तो कागद माझ्यासमोर धरलास, आरडाओरडा नाही, काही नाही. "ताई, माझी सही तू माझ्यापेक्षा बरी करतेस," म्हणालीस. मी तव्यावरची भाकरी जळू दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तू परतूर स्टेशनला गेलीस. मी भाऊजींना सांगितलं, पोरीचं डोकं फिरलंय.

त्यांना मी अजून खरं सांगितलेलं नाही. आज सांगेन.

परत आलेलं पार्सल फडताळावर आहे. आसराबाई आली होती, तिनं पाहिलं. मी म्हटलं, घेतलं नाही तिनं. तिनं पान तोंडात टाकलं. मग म्हणाली, "तिला इचारलं का?"

"काय?"

"हात केवढा हाय ते."

"ती उत्तर देत नाही, आसराबाई. एकाही पत्राला नाही."

"उत्तराचं न्हाई बोलून राह्यले म्या. तुमी इचारलं का?"

मी सांगायला गेले की हो, डिसेंबरात लिहिलं होतं. मग आठवलं काय लिहिलं होतं ते. 'तू दोन ओळी धाडल्या असत्यास तर' असं लिहिलं होतं. तो टोमणा होता, विचारणं नव्हतं.

"न्हाई इचारलं," मी म्हटलं. तिच्याशी बोलता बोलता माझीही जीभ तशीच वळते.

"मंग?" म्हणाली, आणि पाटी डोक्यावर घेऊन उठली.

ताई

*

मंठा, ६ नोव्हेंबर १९५४

चि. नीला,

मागचं पत्र रागानं सुरू केलं होतं. फाडून नवं लिहावंसं वाटलं, पण मग तू माझं नीटनेटकं केलेलं पत्र वाचलं असतंस. म्हणून तसंच टाकलं.

भाऊजींना सांगितलं. त्यांनी किटलीवरचा तो कडक हातमोजा काढला, चहा ओतला, पुन्हा घातला. "मला वाटलंच होतं," म्हणाले. पाच वर्षं वाटत होतं आणि एकदाही विचारलं नाही. मग म्हणाले, "तिची माफी मागितलीस का?" मी म्हटलं, पत्रात कबूल केलंय सगळं. ते म्हणाले, "कबूल करणं बराबर आहे. माफी वेगळी."

तर मागते. तुझ्या नावानं मी तुझं आयुष्य नाकारलं, त्याची माफी मागते. देणं तुझ्याकडे.

एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे आणि तिचा मी फार अर्थ लावत नाही. पार्सल परत आलं. पत्रं परत आली नाहीत. कदाचित ती तू चुलीत घातली असशील. मी अंदाज करत नाही.

आसराबाईनं पुन्हा जावळ दिलं आहे, या वर्षीच्या कोकरांचं. सूत कातून, धुऊन तयार आहे. पण टाके घातलेले नाहीत. किती टाके घालायचे ते मला माहीत नाही, आणि या वेळी माहीत असल्यासारखं मी करणार नाही.

या पाकिटात दोन कोरे कागद आहेत आणि तिकीट लावून, माझा पत्ता लिहिलेलं एक पाकीट. पत्र नको. निरोपही नको. एका कागदावर डावा हात ठेवून भोवती पेन्सिल फिरव, दुसऱ्यावर उजवा. बोटं सुजलेली असतील तर सुजलेल्या बोटांचंच माप दे, मग त्या दिवसांतही हात आत जाईल. विणल्यावर मी पोस्टानं धाडणार नाही. केशव वैशाखात मामींना घेऊन पुन्हा तिकडे निघणार आहे, त्याच्यापाशी देईन, आणि तू घेतलेस तर घेतलेस.

तू नाही म्हणशील असंच मला वाटतं. तुझ्या जागी मीही म्हटलं असतं. तसं असेल तर त्या कोऱ्या कागदावर 'नाही' लिही आणि पाठव. तुझा नकार एकदा तुझ्याच अक्षरात मला मिळू दे. तो मी कुठल्या डब्याखाली ठेवणार नाही.

पण आधी विचारते, नीला. तुझ्या हातांचं माप मला देशील का?

अरुंधती